बेताने पिणं: कॉलेजातल्या मुलामुलींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न नेहमी पिणाऱ्या, कधीमधी पिणाऱ्या आणि पिणाऱ्यांसोबत नुसतं बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे आहेत. जे अजिबात पीत नाहीत त्यांनी आपलं तसंच चालू द्यावं. तब्येतीसाठी त्याहून चांगलं काही नाही. पिण्याचं कायदेशीर वय देशोदेशी वेगळं आहे. ते झालेलं नसेल तर इथला हिशेब तुमच्यासाठी नाही, पण बेशुद्ध मित्राबद्दलचा प्रश्न मात्र सगळ्यांनीच वाचावा.

बेताने म्हणजे नक्की किती?

ग्लास मोजून हे कळत नाही. मोजायचं ते त्यातलं शुद्ध अल्कोहोल, तेही ग्रॅममध्ये. अमेरिकेत एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ १४ ग्रॅमचं धरतात, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमचं, आणि ब्रिटनमधलं एक ‘युनिट’ ८ ग्रॅमचं असतं. हिशेब कुणालाही जमेल असा आहे: मिलिलिटर गुणिले बाटलीवर छापलेला टक्का, भागिले शंभर, आणि येईल त्याला ०.८ ने गुणायचं. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. ४० टक्क्यांची ६० मिलिलिटर व्हिस्की किंवा व्होडका म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. ८ टक्क्यांची अर्धा लिटर स्ट्राँग बिअर सुमारे ३२ ग्रॅमची. म्हणजे ‘एकच तर बिअर घेतली’ म्हणणाऱ्याने अमेरिकन मापाने सव्वादोन ड्रिंक घेतलेली असतात.

वरच्या टोकाला ‘बिंज’ची, म्हणजे एका बैठकीत भरमसाट पिण्याची, व्याख्या आहे. साधारण दोन तासांत पुरुषाने पाच किंवा बाईने चार ड्रिंक घेतली, की रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या आसपास जातं. बरेच जण हा आकडा परवानगी समजून चार किंवा तीनवर ‘आपण बेतात आहोत’ असं म्हणतात. धोका त्याच्या बऱ्याच अलीकडे सुरू झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं, की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा या लेखात ‘बेताने’चा अर्थ कमी नुकसान होईल असं पिणं, एवढाच घ्या.

मुलं स्वतःहून कमी पितात ती कशामुळे?

यकृताच्या भीतीने पेला खाली ठेवणारा विशीतला मुलगा विरळाच. चाळीस वर्षांनी काय होईल याची भीती घालून त्या वयात फारसा उपयोग होत नाही, असं माझं मत आहे. उपयोगी पडतात ती जवळची कारणं. उद्या सकाळी प्रॅक्टिकल आहे. महिनाअखेर आलाय आणि खात्यात पैसे नाहीत. मागच्या वेळी रात्री दोन वाजता जिला मेसेज पाठवायला नको होता तिलाच पाठवला. रविवारी मॅच आहे. घरात कुणाचं तरी पिणं लहानपणापासून पाहिलंय आणि तसं व्हायचं नाही. धर्मात बसत नाही. आज गाडी मी चालवणार आहे.

१९८९ मध्ये ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांनी दिलेली अशी कारणं एकत्र करून तपासली, तेव्हा त्यांचे चार गट पडले: स्वतःवरचा ताबा, घरचं वळण, स्वतःत सुधारणा, आणि अभ्यास किंवा खेळातली कामगिरी. तुमचं कारण यातलं कोणतं हे ओळखणं महत्त्वाचं, कारण उपाय त्यावर ठरतो. अडचण पैशाची असेल तर ठरलेली रोकड खिशात घालून कार्ड रूमवर ठेवणारा माणूस हमखास थांबतो. सकाळचं लेक्चर हे कारण असेल तर पेग मोजण्यापेक्षा निघायची वेळ ठरवणं सोपं जातं. तोल जाण्याची भीती असेल तर वेग कमी करायचा. कारण उसनं असेल, म्हणजे आईने सांगितलं म्हणून किंवा पोस्टरवर वाचलं म्हणून, तर दुसऱ्या ग्लासापर्यंत ते विरघळून जातं.

वर्गातले सगळेच पितात. मग मीच का मोजत बसू?

सगळे पितात असं वाटतं. १९८६ मध्ये वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांबद्दल एक गोष्ट दाखवून दिली. पिण्याबद्दल बहुतेकांचं स्वतःचं मत बेताचं होतं, पण ‘बाकीच्यांना भरपूर पिणं चालतं’ असा बहुतेकांचा समज होता. पुढे हेच अनेक ठिकाणी दिसून आलं. याचं कारण कोणत्याही पार्टीत सापडेल. टेबलावर चढून नाचणारा एकजण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी असतो. कोपऱ्यात एक ग्लास दोन तास धरून बसलेल्या दहाजणांची गोष्ट कुणी सांगत नाही.

हेन्री वेक्सलर यांच्या हार्वर्डमधल्या गटाने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १४० कॉलेजांची पाहणी केली. आधीच्या दोन आठवड्यांत एकदा तरी बिंज केलेले विद्यार्थी ४४ टक्के निघाले. बातम्या अर्थातच ४४ च्या झाल्या. उरलेल्या ५६ टक्क्यांनी तसं केलेलं नव्हतं, आणि सुमारे १६ टक्के तर वर्षभरात प्यायलेलेच नव्हते. त्यानंतरचा काळ पाहिला तर ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत २००० नंतर तरुणांमधलं पिणं घटलंय.

बेतात राहण्यासाठी मुलं प्रत्यक्षात काय करतात? आणि कशाचा उपयोग होतो?

यावर बराच अभ्यास झालाय. २००५ मध्ये मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी अशा युक्त्यांची एक प्रश्नावली तयार केली आणि त्यांचे तीन गट केले.

पहिला गट थांबण्याचा: आकडा आधी ठरवणं, निघायची वेळ ठरवणं, दोन ग्लासांमध्ये एक ग्लास पाणी किंवा साधं सरबत घेणं, ‘बस झालं’ म्हणायला एका मित्राला सांगून ठेवणं, ग्लासात बर्फ जास्त घालणं. दुसरा गट पिण्याच्या पद्धतीचा: घटाघट न पिता घोट घोट घेणं, पिण्याचे खेळ टाळणं, शॉट्स टाळणं, दुसऱ्याच्या वेगाशी वेग न जुळवणं. तिसरा गट मोठा अपघात टाळण्याचा: घरी कसं जायचं ते आधी पाहणं, सोबत आलेल्यांनी सोबतच परतणं, ग्लासात काय आहे आणि तो कुणाच्या हातात होता याचं भान ठेवणं.

गंमत अशी, की सगळ्यांना सुचतो तो पहिला गट, आणि कमी पिण्याशी सगळ्यात पक्का संबंध दिसतो तो दुसऱ्याचा. पहिल्या गटाचे निष्कर्ष अभ्यासागणिक वरखाली होतात. तिसऱ्या गटाने दारू फारशी कमी होत नाही, पण भानगडी कमी होतात, आणि एवढ्यासाठीही तो पाळावा. पहिला गट डगमगतो त्याचं कारण मला असं दिसतं: आकडा पाळायचा म्हणजे रात्रभर पुन्हा पुन्हा निर्णय घ्यायचा, आणि तो घेणारा मेंदू दर ग्लासाला थोडा थोडा रजेवर चाललेला असतो. खेळात बसायचं नाही हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो, तोही शुद्धीत.

ठिकाणं आणि भांडी यांचाही हिशेब धरा. अमेरिकेत विद्यार्थ्यांना ‘एक ड्रिंक ओता’ असं सांगून पाहिलं तेव्हा बहुतेकांनी जास्त ओतलं, आणि कप जितका मोठा तितकी चूक मोठी. दुसरीकडे, ब्रिस्टल विद्यापीठातल्या २०१२ च्या एका प्रयोगात वरून रुंद आणि खाली निमुळत्या वळणदार ग्लासातली बिअर सरळ ग्लासातल्यापेक्षा बरीच लवकर संपली. अशा ग्लासात ‘अर्धी झाली’ हे डोळ्यांना नीट कळतच नाही. तेव्हा लहान, सरळ ग्लास घ्या, स्वतः ओता, आणि अर्धा असताना कुणाला वरून भरू देऊ नका. वरून भरलेल्या ग्लासाचा हिशेब लागत नाही. खारट चकणा समोर असेल तर पाणीही समोर ठेवा, नाहीतर तहान लागली की हात दारूकडेच जातो.

ठरवून जातो, पण दोन झाल्यावर ठरवलेलं आठवतच नाही. मग?

‘आज कमी पिईन’ हे ठरवणं झालंच नाही. ‘तिसरा ग्लास हातात द्यायला लागले तर मी लिंबूसोडा मागेन’, ‘साडेअकराला मी रिक्षा बोलावेन, मग मैफल कितीही रंगलेली असो’, असं प्रसंग आणि कृती जोडून ठरवलं तर ते अंगवळणी पडायची शक्यता वाढते. फोनमध्ये गजर लावा. ज्याच्यासोबत परतायचं त्याला वेळ आधीच सांगा, म्हणजे वाद तिथे घालावा लागणार नाही. पहिला ग्लास उशिरा सुरू करणं ही तर अगदी बिनकष्टाची युक्ती आहे: सगळे आठला बसले असतील तर तुम्ही साडेनऊला घ्या. दीड तास आपोआप वाचतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाहेर महाग पडतं म्हणून आम्ही रूमवरच थोडी घेऊन निघतो. पैसे वाचतात ना?

हिशेबात वाचतात, रात्रीत वाचत नाहीत. निघायची घाई असल्यामुळे रूमवरचं पिणं भराभर होतं. माप नसतं, आणि अर्ध्या तासापूर्वी घेतलेलं अजून चढतच असताना बाहेर नवी ऑर्डर दिली जाते. आधी पिऊन निघणारे बाहेर कमी पितात असं अभ्यासांत दिसत नाही. त्या रात्रीचं त्यांचं एकूण पिणं जास्तच भरतं. पैसे वाचवायचे असतील तर रूमवर जेवून निघा.

पोटभर खाल्लं तर चढत नाही, लिंबूपाण्याने उतरते, कॉफीने शुद्ध येते. यातलं खरं काय?

पहिलं अर्धं खरं आहे. पोटात अन्न असेल तर दारू लहान आतड्यात सावकाश जाते, चढ हळू होतो आणि त्याचं टोकही खालीच राहतं. प्यायल्यावर घाईघाईने खाल्लं तर हा फायदा फारसा मिळत नाही.

उतरवण्याचा उपाय मात्र कुणाकडेच नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करतं. रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण तासाला सरासरी ०.०१५ टक्क्याने खाली येतं, आणि लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, उलटी यापैकी कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री बाराला ०.१२ असेल तर सकाळी सहाला अजून ०.०३ शिल्लक असतं, आणि पूर्ण उतरायला आठ वाजतात. झोपून उठलो म्हणजे उतरली, असा समज करून आठच्या परीक्षेला गाडीवरून निघणाऱ्याने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं.

एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पिणं ही खास विद्यार्थ्यांची सवय, आणि वाईट सवय. कॅफीन झोप उडवतं, नशा तशीच राहते. माणूस झोपून थांबला असता तो जागा राहून आणखी पितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीन घातलेली मद्यं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिल्यावर तशी पेयं तिथल्या बाजारातून हटली. ग्लासात स्वतः मिसळणं चालूच राहिलं. थोडं आश्चर्य वाटेल असं आणखी एक: साखर नसलेल्या डाएट कोल्ड्रिंकमध्ये घेतलेली दारू साखरेच्या कोल्ड्रिंकपेक्षा जास्त चढते, कारण साखर असली की पोट सावकाश रिकामं होतं.

आम्ही दोघं बरोबरीने पितो, पण मला त्याच्या आधी चढते. असं का?

अंगकाठी, शरीरातलं पाणी, आणि आनुवंशिक फरक. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. सारख्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाणी पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. बरोबरी करण्यात शौर्य नाही, गणिताची चूक आहे.

एका घोटातच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं, असं होणाऱ्यांमध्ये बहुधा अल्कोहोलचं पुढचं विघटन करणारं एंझाइम नीट काम करत नसतं आणि ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साठत जातं. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हे बरंच आढळतं. ‘सवय झाली की जाईल’ म्हणून त्यांना पाजत राहणारे मित्र फार मोठं नुकसान करतात, कारण हे लक्षण असताना पीत राहिल्याने अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

उलट बाजूही बघा. ‘मला चार पेगनेही काही होत नाही’ हे सांगताना लोकांची छाती फुगते. शरीराला सवय झाली की नशा कमी जाणवते, रक्तातलं प्रमाण आणि यकृतावरचं ओझं तेवढंच असतं. दारू चांगली ‘पचणारा’ मित्रच गटात सगळ्यात जास्त जपण्यासारखा असतो.

‘घे ना यार, एकानं काय होतंय!’ याला काय उत्तर द्यायचं?

लहान उत्तर द्या आणि विषय बदला. ‘नको, उद्या सकाळी काम आहे.’ ‘गोळी चालू आहे.’ ‘आज मी गाडी चालवणार.’ लांबलचक कारण दिलं की समोरचा ते खोडून काढायला बसतो. हातात भरलेला ग्लास असला की निम्म्या वेळा कुणी विचारतच नाही; त्यात नुसता सोडा आहे हे तपासायला कुणालाही वेळ नसतो. तीनदा ‘नाही’ म्हटल्यावरही जो सोडत नाही, त्याला तुमची काळजी नसते. आपण एकटेच प्यायलेले दिसू नये, एवढीच त्याची धडपड असते.

आग्रह करणाऱ्यांसाठीही एक सांगणं आहे. यजमान तुम्ही असाल तर दारूइतक्याच सहज हाताला लागतील अशी दोन-चार बिनदारूची पेयं ठेवा. न पिणाऱ्याला पाणी मागायला स्वयंपाकघरात जायला लावणं हा आग्रहाचाच एक प्रकार झाला.

न पिता किंवा एकावर थांबून मजा कशी येणार?

१९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट आणि सहकाऱ्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. काहींना व्होडका-टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. आणि ग्लासात काय आहे हे काहींना खरं सांगितलं, काहींना खोटं. कुणी किती प्यायलं हे ग्लासातल्या दारूवर ठरलं नाही. आपण दारू पितोय असं ज्यांना वाटत होतं ते जास्त प्यायले. पार्टीतली बडबड, धीटपणा, मोठ्याने हसणं, यात रसायनाचा वाटा असतोच, पण आपल्या अपेक्षेचा वाटाही बराच मोठा असतो.

दारूची मजा चढत्या बाजूलाच असते. पहिल्या एक-दोन ग्लासांत मोकळं वाटतं, पुढे सुस्ती, चिडचिड, रडारड येते. तरीही ‘दोनमध्ये एवढी मजा, तर सहामध्ये तिप्पट’ असा हिशेब दर शनिवारी नव्याने मांडला जातो. आपली मजा नेमक्या कितव्या ग्लासाला उतरणीला लागते हे शुद्धीत राहून एकदा पाहून ठेवा.

टेन्शन आलं की पितो. त्यात काय वाईट?

सगळ्यात काळजीचा प्रश्न हा आहे. लिन कूपर यांनी १९९४ मध्ये पिण्यामागच्या हेतूंचे चार प्रकार मांडले: मजा वाढवणं, लोकांत मिसळणं, दुःख किंवा ताण विसरणं, आणि गटातून बाहेर पडू नये म्हणून पिणं. ताण विसरण्यासाठी पिणाऱ्यांचं गणित वेगळं पडतं. ते इतरांइतकंच प्यायले तरी त्यांना त्रास जास्त होतो, आणि वर सांगितलेल्या युक्त्या ते वापरतातही कमी. साहजिकच आहे, विसरायलाच बसलेला माणूस ग्लास मोजेल कशाला?

रात्री दारूने लवकर झोप लागते, पण उत्तररात्री ती तुटक होते, स्वप्नांची झोप कमी पडते आणि सकाळ आणखी जड जाते. परीक्षा, ब्रेकअप, घरची भांडणं, एकटेपणा यांतलं काहीही त्याने हलत नाही. अशा वेळी बर्फ जास्त घालण्याचा सल्ला पोकळ आहे. कॉलेजचा समुपदेशक, विश्वासातला शिक्षक, डॉक्टर, मोठी बहीण, जो कुणी ऐकून घेईल त्याच्याशी आधी बोला. एकट्याने आणि वाईट मनःस्थितीत प्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी बरंच काही टळतं.

काल रात्रीचा मधला भाग आठवतच नाही. झोप लागली असेल का?

झोप लागली असती तर मित्रांनी तुमचे व्हिडिओ दाखवले नसते. याला ब्लॅकआउट म्हणतात. माणूस चालतो, बोलतो, पैसे देतो, पण मेंदूचा हिपोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवणं थांबवतो. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, मुळात नोंदवल्याच गेलेल्या नसतात, म्हणून कितीही आठवलं तरी परत येत नाहीत. रक्तातलं प्रमाण भरकन वर गेलं की हे होतं. म्हणून उपाशी पोट, शॉट्स आणि पिण्याचे खेळ यांच्यासोबत ते जास्त दिसतं. हा हसण्यावारी न्यायचा किस्सा नाही. पुन्हा झालं तर डॉक्टरांना सांगा.

आठवडाभर थेंब नाही, फक्त शनिवारी. मग चालेल ना?

सात दिवसांचं एका रात्रीत प्यायलं तर सरासरी चांगली दिसते, पण शरीराला सरासरी कळत नाही. पडणं, मारामारी, विषबाधा, असुरक्षित संबंध, हे सगळं त्या एका रात्रीच्या उंचीवर अवलंबून असतं.

औषधं चालू असताना एखादं घेतलं तर?

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या आणि अफूजन्य वेदनाशामकं यांच्यासोबत एकही नाही. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध चालू असताना टाळा. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी दुप्पट होते. भरपूर पिणाऱ्याने पॅरासिटामोल जपून घ्यावं, त्याने यकृताला इजा होऊ शकते. आणि आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दारूसोबत पोटात रक्तस्राव घडवू शकतं. बाकीच्यांसाठी केमिस्टला विचारा. लाजू नका, त्यांना हा प्रश्न रोजचा आहे.

मित्र उठतच नाहीये. झोपू द्यायचं का?

नाही. हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, अंग गार, ओठ निळसर किंवा पांढरे पडले असतील, झटके येत असतील, बेशुद्धीत उलटी झाली असेल, तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवा. यातलं एक लक्षणही पुरेसं आहे, सगळी दिसायची वाट बघू नका. शेवटचा ग्लास संपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणून आत्ता जसा दिसतोय त्याहून अर्ध्या तासाने तो वाईट असू शकतो.

मदत येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा, डोकं किंचित मागे ठेवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. उताणा झोपवू नका. पाणी, कॉफी पाजू नका, बोटं घालून उलटी करवू नका, बाथरूममध्ये नेऊन अंगावर गार पाणी ओतू नका. एकटं सोडू नका. किती आणि काय प्यायलं, सोबत काही गोळ्या घेतल्या का, हे डॉक्टरांना खरं सांगा. ‘घरी कळेल’, ‘हॉस्टेलमधून काढतील’ या भीतीने तास वाया जातात. म्हणूनच काही विद्यापीठांनी मदत बोलावणाऱ्यावर कारवाई न करण्याचा नियम केलाय. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी फोन करा.

एक बिअर घेऊन गाडी चालवली तर चालते का?

नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, युरोपातल्या अनेक देशांत ०.०५, पण लक्ष आणि प्रतिसादाचा वेग त्याच्या खालीच बिघडू लागतो. आणि ‘आज गाडी कोण चालवणार’ याचा अर्थ ज्याने सगळ्यात कमी घेतली तो, असा होत नाही. ज्याने घेतलीच नाही तो.

कॉलेजांनी काय केलं तर खरंच फरक पडतो?

भीतीदायक भाषण आणि फाटक्या यकृताचे स्लाइड्स यांनी माहिती वाढते, पिणं फारसं बदलत नाही. मार्लट यांच्या गटाने वॉशिंग्टन विद्यापीठात ‘बेसिक्स’ नावाची पद्धत उभी केली, तिचे परिणाम चांगले दिसले. विद्यार्थ्याच्या दोन छोट्या भेटी घ्यायच्या, त्याचं स्वतःचं पिणं आकड्यांत त्याच्यासमोर ठेवायचं, इतर विद्यार्थी खरोखर किती पितात ते दाखवायचं, आणि उपदेश न करता ‘यातलं तुला काय बदलावंसं वाटतं’ एवढं विचारायचं. माणसाला आपला आकडा दिसला की तो स्वतःशीच बोलू लागतो. काही संस्थांनी नियमांचा मार्ग धरला. डार्टमथ कॉलेजने २०१५ मध्ये कॅम्पसवर कडक दारूला बंदी घातली. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, पण दारू स्वस्त आणि हाताशी असताना नुसत्या गप्पांनी सगळं होईल असं मी म्हणणार नाही.

माझं हाताबाहेर चाललंय का, हे कसं ओळखू?

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, पाच मिनिटांत होते. गुण ० ते ४० असतात. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात आहे. विद्यार्थ्यांसाठी त्याहून खालची रेघ धरावी असंही बरेच तज्ज्ञ म्हणतात. चाचणीशिवायही काही खुणा दिसतात: ठरवलेल्यापेक्षा दर वेळी जास्त होणं, पिण्यासाठी लेक्चर किंवा जेवण चुकवणं, किती घेतली याबद्दल खोटं बोलणं, पूर्वीइतकं घेऊन काहीच न वाटणं. आणखी एक घरगुती कसोटी आहे: एक महिना पूर्ण बंद करून पाहा. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जानेवारीत हजारो लोक असं करतात. महिना सहज गेला तर चांगलंच. तो मोडायला दर शनिवारी नवीन कारण सापडत असेल, तर डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची वेळ घ्या.

मग उद्यापासून एकदम सोडूनच देऊ का?

कधीमधी पिणाऱ्याने खुशाल सोडावी. रोज भरपूर पिणाऱ्याने, ज्याला सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, एक घोट घेतल्यावरच बरं वाटतं, त्याने एकट्याने एकदम बंद करू नये. शेवटच्या पेयानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि त्यापुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टर औषधं देऊन हे दिवस सुखरूप पार पाडतात, म्हणून आधी त्यांना गाठा आणि तारीख त्यांच्या सल्ल्याने ठरवा.